छताला भोक पाडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) पर्यटनावरचा लेख सूनबाईंनी मला मोबाइलवर दाखवला. लेख चांगला आहे, फोटो त्याहून चांगले. पण मधेच एके ठिकाणी लेखकाने लिहून टाकलंय की बंद मालवाहू ट्रेलर घ्यावा, आत पलंग आणि ओटा करावा, छतावर एसी बसवावा आणि निघावं. हे अमेरिकेतल्या हौशी लोकांचं बघून लिहिलेलं दिसतं. मी सध्या त्याच अमेरिकेत, टेक्सासमध्ये राउंड रॉकला मुलाकडे आहे आणि आम्ही बापलेकांनी नेमकं हेच काम केलेलं आहे. शिवाय माझी सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात बॉडी सेक्शनला गेली. पत्रा, रिव्हेट, कमानी आणि गळती या चार गोष्टींवर मला बोलायचा थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

आधी हा ट्रेलर काय असतो ते सांगतो, कारण आपल्याकडे तो दिसत नाही. इथे सुतार, बागकाम करणारे, बँडवाले आपलं सामान गाडीमागे जोडलेल्या बंद डब्यातून नेतात. खाली लोखंडी सांगाडा, वर चौकोनी ट्यूबचे खांब, बाहेरून पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय. बस्स. जॉर्जिया राज्यातल्या डग्लस गावाच्या आसपास हे बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. तयार कॅराव्हॅन बनतात त्या मुख्यतः इंडियाना राज्यातल्या एल्खार्टकडे, आणि त्यांच्या किमती ऐकून मुलाने डब्याचा रस्ता धरला. आमचा डबा सहा फूट रुंद, बारा फूट लांब, एका ॲक्सलचा. मालासकट २,९९० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेतेराशे किलोंपर्यंत परवानगी. हा आकडा असा विचित्र का, तर काही राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कारखानदार दहा पौंड अलीकडेच थांबतो. कारखानदार सगळीकडे सारखेच.

या डब्याच्या छताला बहुतेक वेळा कारखान्यातूनच १४ इंच चौरस झरोका दिलेला असतो. आणि इथल्या छतावरच्या एसीलाही नेमकं १४ इंचांचंच भोक लागतं. झाकण काढा, एसी ठेवा, आतून चार बोल्ट आवळा. मुलाने असे व्हिडिओ बघितले होते आणि एसीची ऑर्डर देण्याच्या बेतात होता. मी त्याला म्हटलं, थांब, आधी मला शिडी दे.

छत आतून बघितलं. कमानी दोन-दोन फुटांवर, त्यासुद्धा पातळ पत्रा वाकवून केलेल्या. झरोका दोन कमानींच्या मधोमध, म्हणजे त्याच्या चौकटीला आधार फक्त पत्र्याचा. छतावरचा एसी असतो ३५ ते ४५ किलोंचा. नुसतं वजन म्हणाल तर फार नाही, उभ्या डब्यावर ते पत्रा सहन करील. पण गाडी चालते. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर ते चाळीस किलो उसळतं आणि आपटतं. जुन्या एसटीच्या टपावर सामानाचं कॅरिअर असायचं ते वाचकांना आठवत असेल. कोंबड्यांच्या खुराड्यापासून सायकलीपर्यंत काहीही त्यावर चढायचं. ते कॅरिअर पत्र्यावर कधीच टेकलेलं नसायचं. त्याचा भार कमानींवर, कमानींचा खांबांवर आणि खांबांचा थेट चॅसीवर, अशी वाट काढून दिलेली असे. पत्र्याचं काम पाऊस अडवणं. त्याच्यावर भार टाकला की तो आधी खोलगट होतो, मग खोलग्यात पाणी साचतं, मग ते भोकाच्या कडेने आत येतं. एसी बसवायचाच असेल तर झरोक्याच्या दोन्ही बाजूंना आडवी ट्यूब टाकून ती कमानींना वेल्ड करावी लागते आणि कमानींचा भार खांबांवर नीट उतरतोय हेही बघावं लागतं. इथे ट्रेलर नवा घेताना पैसे जादा देऊन कारखान्यातूनच असं मजबुतीकरण करून मिळतं. ते घेतलेलं नसेल तर नंतर आतला प्लाय उतरवल्याशिवाय हे काम होत नाही.

गळतीचंही सांगून ठेवतो. छतावरच्या एसीखाली फोमचं जाड गॅस्केट असतं, ते बोल्ट आवळून साधारण निम्मं दाबायचं असतं. कमी दाबलं तर पाणी येतं, जास्त दाबलं तर ते मरतं आणि पुढच्या मोसमात पाणी येतं. आणि छतावर कुठेही सिलिकॉन भरू नका. दिसायला छान दिसतं, पण पुढे उखडलं की त्या जागी दुसरं काहीच चिकटत नाही. आम्ही झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटाइलची टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावली आणि वरून छताचा पसरणारा सीलंट सोडला. एसटीच्या छतातून कुणाच्या डोक्यावर कधी पाणी पडलं असेल तर त्यांची मी इथे माफी मागतो, पण ते आमच्या सेक्शनचं नव्हतं.

तर छतावरचा एसी आम्ही सोडून दिला. पण त्यामागचं खरं कारण मजबुती नव्हतं, ते वेल्डिंगने भागलं असतं. खरं कारण उष्णतेचा हिशेब. लेखात तो कुठेही नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

मुलाने ट्रेलर घेतला तो गडद राखाडी रंगाचा, कारण तो गाडीला शोभतो. ऑगस्टच्या दुपारी त्याच्या त्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरने बघितलं तर पत्रा ६६ अंश सेल्सिअस. हवा चाळीस. आतल्या प्लायला हात लावला तर तोही गरम. अशा डब्यात कितीही मोठा एसी लावा, तो पत्र्यालाच थंड करत बसणार.

वहीत हिशेब मांडला. डबा आतून सव्वासहा फूट उंच, म्हणजे सहाही बाजू मिळून ३७० चौरस फुटांच्या आसपास. बाहेर चाळीस अंश आणि आत पंचवीस हवेत असं धरलं. नुसता पत्रा आणि प्लाय असेल तर भिंती, छत आणि तळ यांतून तासाला पाच हजार बीटीयूच्या (हे उष्णता मोजायचं माप) घरात उष्णता आत येते. हे सावलीतलं. ऊन सरळ पडलं तर पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि आकडा आणखी चढतो. त्याच भिंतींत एक इंच जाडीचा दाट फोम भरला की तोच आकडा सतराशेवर येतो. लोखंडी खांबांतून थोडी उष्णता चोरून येतेच, म्हणून दोन हजार धरा. त्यात दोन माणसं, प्रत्येकी चारएकशे बीटीयू. छोटा फ्रीज, दार उघडझाक. सगळं धरून तीन-साडेतीन हजार.

आपल्याकडे एसी टनात मोजतात. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. जुन्या काळी बर्फाने खोल्या गार करत, तेव्हा एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्यावरून हे माप आलं. छतावर बसणारा इथला नेहमीचा एसी १३,५०० बीटीयूचा, म्हणजे एक टनाहून थोडा जास्तच. आमची गरज साडेतीन हजारांची. आणि खिडकीत बसणारा सगळ्यात छोटा एसी मिळतो पाच हजारांचा, अर्ध्या टनाहूनही कमी. इथल्या मोठ्या दुकानांत तो उन्हाळ्यात ढिगाने रचलेला असतो.

मुलाचं म्हणणं, मोठा लावला तर बिघडलं काय? लवकर गार होईल. होतं ना, लवकर गार होतं. दोन-चार मिनिटांत थर्मोस्टॅट गाठला जातो, कॉम्प्रेसर बंद पडतो. पण हवेतला दमटपणा काढायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते. तेवढा वेळ मिळतच नाही. कॉइलवर जमलेलं थोडं पाणी पंखा चालू राहिल्याने पुन्हा हवेत जातं. मग अंग गार, पण चादर ओलसर, आणि आठवड्याने गादीच्या खालच्या बाजूला बुरशी. गॅल्व्हेस्टनला समुद्रकाठी आमच्या शेजारी लागलेल्या मोठ्या ट्रेलरची हीच तक्रार होती. मालवण-गुहागरला न्यायचा बेत असणाऱ्यांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.

म्हणून एसी बाजूला ठेवून आधी डबाच हाती घेतला. इथे वसाहतीच्या नियमांत घरासमोर ट्रेलर उभा करायला मनाई असते, वेल्डिंग तर लांबच. टेलर गावाजवळ एक निवृत्त वेल्डर राहतात, मेक्सिकोतून लहानपणी आलेले. त्यांनी आपली शेड दिली. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची गाठ क्वचितच पडे, पण ट्यूब कुठे टाकायची हे दोघांनाही बोटाने दाखवता येतं. मला ते 'डॉन पेद्रो' म्हणत, स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाला तसा मान देतात म्हणे. माझं नाव पेद्रो नाही, पण मी ते चालू दिलं.

प्लाय उतरवला. छतावर पांढरा रबरी रंग दोन हात दिला, आणि एवढ्यानेच दुपारच्या पत्र्याला हात लावता येऊ लागला. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ या रंगाने दिलं, हे मी मुद्दाम सांगतो. खांबांच्या मधे गुलाबी फोमचे एक इंची बोर्ड कापून बसवले, फटी फवाऱ्याच्या फोमने भरल्या. मग खांबांवरून अर्ध्या इंचाचा दुसरा फोम सलग मारला, जेणेकरून लोखंड आतल्या प्लायला कुठे टेकणार नाही. ज्यांनी हे दुसरं काम केलेलं नाही त्यांच्या भिंतीवर थंडीच्या सकाळी प्रत्येक खांबाच्या रेषेत दव धरलेलं दिसतं. वरून पाच मिलिमीटरचा प्लाय परत. फोम उघडा ठेवायचा नाही, तो पेटला तर धूर विषारी असतो. हौशी लोक शोभेचा कपडा चिकटवून मोकळे होतात, ते मला बघवत नाही. छताच्या झरोक्यात एसीऐवजी दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा बसवला. संध्याकाळी गरम हवा तो पाचेक मिनिटांत बाहेर फेकतो आणि वसंतात, शरदात टेक्सासच्या बऱ्याच रात्री एसीला हात लावावा लागत नाही.

आता एसी कुठे बसवला ते. पुढच्या भिंतीला, जिथून डबा गाडीला जोडतात त्या बाजूला, छातीच्या उंचीवर. गार हवा खाली येते, त्यामुळे पलंगाखाली किंवा जमिनीलगत बसवण्यात अर्थ नाही. भिंतीला भोक पाडण्याआधी एक इंची चौकोनी ट्यूबची चौकट दोन खांबांना वेल्ड केली आणि खाली आडवा आधार दिला. खिडकीचा एसी घरात स्थिर बसायला बनवलेला असतो, रस्त्याचे हादरे खायला नाही. तो चौकटीत लटकता ठेवला तर आतल्या तांब्याच्या नळ्या कधीतरी तडकणार.

इथे बहुतेकांची एक गोष्ट चुकते. खिडकीच्या एसीला मागे जाळी असते तशाच दोन्ही कुशींना फटी असतात. कुशीतून हवा आत ओढायची, मागून गरम करून बाहेर टाकायची, असं त्याचं चालतं. लोक भिंतीत तो असा बसवतात की फक्त पाठ बाहेर आणि कुशी भिंतीच्या आत कोंडलेल्या. मग तो डब्यातलीच गार केलेली हवा ओढतो किंवा स्वतःचीच गरम हवा पुन्हा खातो. अर्ध्या तासात कॉम्प्रेसर तापून बंद पडतो आणि दोष जातो एसीच्या कंपनीला. आम्ही तो ड्रॉवरच्या जड रुळांवर बसवला. मुक्कामाला पोचलं की बाहेर सरकवायचा, कुशी पूर्ण मोकळ्या. निघताना आत ओढायचा आणि बाहेरची पत्र्याची झडप बंद करायची, म्हणजे पुढच्या गाडीचे खडे आणि पाऊस त्यावर येत नाहीत.

त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार लागतो. मागच्या तळात जमलेलं पाणी पंख्याला असलेली कडी उडवून गरम कॉइलवर मारते, त्याने कॉइल लवकर निवते. उरलेलं पाणी मागून ठिबकतं. आता आमचा एसी पुढच्या भिंतीत, म्हणजे मुक्कामाला ट्रेलरचं नाक वर राहिलं तर उतार उलटतो आणि पाणी थेट पलंगावर. म्हणून दाराजवळ लेव्हलची छोटी नळी कायमची चिकटवून टाकली आहे. नातवाचं खातं ते. बुडबुडा मधे आल्याशिवाय तो कुणाला एसीचं बटण दाबू देत नाही.

वजनाचाही फायदा झाला. एसी अठरा किलोंचा आणि तो ॲक्सलच्या पुढे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा लागतो, नाहीतर वेगात शेपूट हलू लागते. मागे जड सामान भरलेले ट्रेलर महामार्गावर झुलताना मी बघितले आहेत, त्यांच्या शेजारून जायचं नसतं.

विजेवर लेखात फक्त 'जनरेटर किंवा सोलर' एवढं आहे. गाडीचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. आपल्या सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला, ते उत्तम केलं, चालकांना ते फार आधी मिळायला हवं होतं. पण तिथे इंजिन आहे. ट्रेलरला इंजिन नाही, त्याला वीज बाहेरून आणावी लागते. छतावरचा १३,५०० चा एसी १२० व्होल्टवर बारा ते पंधरा अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट खेचतो. सगळेजण घेतात तो हातात उचलता येणारा दोन हजार वॉटचा जनरेटर त्या क्षणी गुडघे टेकतो. सुरुवातीचा झटका कमी करणारं यंत्र मिळतं, तो वेगळा खर्च. आमचा छोटा एसी चार-पाच अँपिअरवर चालतो, घरातल्या साध्या प्लगवरसुद्धा.

बॅटरीचं गणित याहून सोपं आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉट-तास. छतावरचा एसी ती तासाभरात संपवतो. आमचा अडीच-तीन तास ओढतो, म्हणजे नातवाची दुपारची झोप. रात्रभर नाही. सोलरवर एसी रात्रभर चालतो असं कुणी सांगितलं तर बॅटऱ्या किती आणि कितीला घेतल्या ते विचारावं. आणि छतावर एसी ठेवला तर सोलर पॅनेलला उरलेली जागा किती, हेही.

जनरेटरबद्दल मात्र गंमत नाही. खिडकीखाली लावून एसी चालवून झोपणारी माणसं दरवर्षी कुठे ना कुठे कार्बन मोनॉक्साइडने मरतात. त्या वायूला वास नाही, रंग नाही. जनरेटर डब्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा आणि आत या वायूचा अलार्म लावायचाच. एसीवर खर्च करणारे त्याच्या तुलनेत किरकोळ किमतीच्या अलार्मला का कचरतात ते मला समजलेलं नाही.

अर्थिंगचाही अनुभव सांगतो. एका खासगी मुक्कामाच्या जागी शेजारच्या ट्रेलरच्या दाराला हात लावला तर झिणझिण्या आल्या. घरमालकाच्या खांबावरची अर्थची तार तुटलेली होती आणि ट्रेलरमधल्या पेटीत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र बांधलेले. इथे घराच्या मुख्य पेटीत ते एकत्र असतात, म्हणून घरकाम करणारा इलेक्ट्रिशियन सवयीने ट्रेलरमध्येही बांधतो. ट्रेलरमध्ये ते वेगळेच हवेत. एकत्र बांधले आणि वरून अर्थ तुटली तर परतीचा प्रवाह पत्र्यावर चढतो आणि ओल्या पायाने दार उघडणारं पोर त्याची वाट होतं. डब्याशेजारी जमिनीत सळई ठोकली की भागलं असं समजणारेही आहेत. त्याने फ्यूज उडत नाही, सळईतून तेवढा प्रवाहच जात नाही. आम्ही कुठेही गेलो की केबल लावण्याआधी सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा तपासणी प्लग घालून बघतो. इथे आणखी एक सापळा आहे. ट्रेलरचा तीस अँपिअरचा सॉकेट १२० व्होल्टचा, पण दिसायला कपडे वाळवायच्या यंत्राच्या २४० च्या सॉकेटसारखा. घरी बसवून घेताना कुणीतरी २४० जोडून जातो आणि आतली सगळी उपकरणं एका बटणात खलास.

स्प्लिट एसीचं काय, असं काही जण विचारतील. बाहेरचं युनिट पुढच्या जोडावर, आतलं भिंतीवर, आवाज कमी, वीज कमी. इथे काही जण बसवतात आणि ते चांगले चालतातही. पण तांब्याच्या नळीचे फ्लेअरचे, म्हणजे तोंड पसरवून नटाने आवळलेले, सांधे रोजच्या हादऱ्यांत गॅस सोडू शकतात, आणि माळरानात गॅस भरणारा कुठून आणणार? खिडकीचा एसी बिघडला तर चार स्क्रू काढून दुसरा ठेवता येतो. वर्कशॉपातल्या माणसाला हे आवडतं.

आता महाराष्ट्राकडे येतो. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून माझ्या ओळखीत विचारणारे वाढले आहेत. काही जण मला म्हणतात, येताना अमेरिकेतला छतावरचा एसी घेऊन या. आणू नका. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतील, हर्ट्झ नाही, आणि साध्या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. शिवाय गॅरंटी, सुटे भाग, काहीच नाही. आपल्याकडे पाऊण टनाचा खिडकीचा एसी मिळतो, त्याच्या खाली दुकानात सहसा काही नसतं. नीट फोम भरलेल्या छोट्या डब्याला तो थोडा मोठाच होईल, म्हणून मिळाला तर इन्व्हर्टरचा घ्यावा, तो मंद चालून दमटपणा काढत राहतो. दुसरं, आपल्याकडे वाहनात केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. आरसी बुकात आहे त्यापेक्षा गाडी वेगळी दिसू लागली की प्रश्न येतो. टेम्पोच्या छतावर एसी चढवून उंची वाढवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, गॅरेजवाल्याला नाही. आणि कोकणच्या जुलैत ज्या छताला भोक नाही तेच छत चांगलं, एवढं मी दापोडीच्या अनुभवावर छातीठोक सांगतो.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे इथल्यापेक्षा सोपी आहे आणि ती कुणी लिहीत नाही. इथे तीस अँपिअरचा खांब १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देतो, त्यासाठी मुक्कामाच्या जागांना खास खांब उभारावे लागतात. आपल्या घरातला गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर ३,६८० वॉट देतो. म्हणजे कॅराव्हॅनला लागणारी वीज आपल्या गिझर असलेल्या कुठल्याही कृषी पर्यटन केंद्राच्या भिंतीवर आजच आहे. अडचण व्होल्टेजची आणि अर्थिंगची. दुपारी तीनला ताम्हिणीच्या खाली एखाद्या वाडीत त्या सॉकेटला १८० व्होल्ट मिळत असतील तर एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत राहणार.

तेव्हा माझी मागणी दोघांकडे आहे. पर्यटन खात्याने आणि केंद्रचालकांनी कॅराव्हॅन थांब्यांच्या जाहिरातीत 'वीज उपलब्ध' एवढंच छापू नये; सॉकेट किती अँपिअरचा, दुपारी व्होल्टेज किती, अर्थिंग शेवटचं कधी तपासलं, हे लिहावं. आणि आपण पुरवणीत पुढचा लेख छापाल तेव्हा आतल्या पडद्यांच्या रंगासोबत भिंतीत फोम किती इंचांचा भरला आणि छत कोणत्या रंगाचं आहे, हे लेखकाला जरूर विचारावं. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची झाली तर वेल्डरसाहेबांचा भाग काढा, ते रागावणार नाहीत. अर्थिंगचा आणि जनरेटरचा मात्र ठेवा.

कळावे,

आपला वाचक,
एक निवृत्त बॉडी फिटर, एसटी वर्कशॉप दापोडी
पिंपळे गुरव, पुणे
(सध्या मुक्काम राउंड रॉक, टेक्सास)